ठरला होता डावा हात!

अभिनय माझ्या रक्तात आहे! रक्तात आणखी काय काय आहे ते पुढे तपासणीत निघालंच, पण अभिनयाचं मला आधीपासून माहीत होतं. कॉलेजात असताना मी एका नाटकात प्रेताचं काम केलं होतं. पडदा वर गेला, मी निपचित पडून राहिलो आणि ऐन रडारडीच्या प्रसंगात सणसणीत शिंकलो! प्रेक्षकांत बसलेली एक मुलगी इतकी हसली, इतकी हसली, की पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. आता मला सांगा, जो माणूस प्रेत होऊनसुद्धा लग्न जमवतो त्याला नट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

"शिंक्या म्हणायचं," असं बायको म्हणते.

पण तिचं सोडा हो. ती एका कुरिअर कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून तिचे कान इतके तयार झालेत, की घरी मी नुसतं "अगं" म्हटलं तरी ती विचारते, "काय फोडलंत?"

मी स्वतः ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. म्हणजे तोंडाने "छान, छान, सावकाश" म्हणायचं आणि मनात सगळ्या नातेवाइकांचा निरोप घ्यायचा. हा अभिनय नाही तर काय आहे? अठरा वर्षं करतोय, एका पैशाचं बक्षीस नाही!

तर झालं असं, की आमच्या बिल्डिंगच्या सभेत आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या. गोल चेहरा, खणखणीत आवाज, आणि खांद्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राची पिशवी. म्हणाल्या, "स्ट्रोकबद्दल लोकांना माहिती द्यायची आहे. पक्षाघात. अर्धांगवायू. लकवा म्हणा हवं तर. लोक ओळखतच नाहीत हो! चक्कर असेल म्हणतात, पित्त असेल म्हणतात, झोपवून ठेवतात. आणि आमच्याकडे आणतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. तुमच्या हॉलमध्ये एक भाषण ठेवता येईल का?"

आमचे अध्यक्ष खिन्नपणे हसले. "सिस्टर, भाषणाला इथे कुत्रं येणार नाही. मागच्या सभेला मी एकटाच होतो. तरी ठराव एकमताने पास झाला नाही."

मी ताडकन उभा राहिलो. "नाटक करू!"

बायकोने कपाळावर हात मारल्याचा आवाज सगळ्या सभेला ऐकू आला.

"लेखन माझं, दिग्दर्शन माझं, प्रमुख भूमिका माझी!" मी म्हणालो. "एक प्रयोग होऊ द्या सिस्टर, या बिल्डिंगमधलं शेंबडं पोरसुद्धा स्ट्रोक ओळखायला लागेल!"

सिस्टरांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मग तोंड एका बाजूला वाकडं होतं, एक हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतं नाहीतर भलतंच काहीतरी बोललं जातं. असं काही दिसलं की घड्याळात बघायचं आणि तडक ॲम्ब्युलन्स बोलवायची. मी तिथल्या तिथे सूत्र बनवलं. तोंड, हात, बोली, वेळ. तो-हा-बो-वे! तोहाबोवे!

"जपानी कुस्तीसारखं वाटतंय," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणूनच लक्षात राहील!" मी म्हणालो.

नाटकात पात्रं दोनच. रुग्ण मी. आणि चुकीचे सल्ले देणारा एक आगाऊ माणूस, तो माझा मेहुणा. मेहुण्याचं दिव्यांचं दुकान आहे आणि चुकीचे सल्ले द्यायचा त्याला दांडगा अनुभव आहे. आमच्या बेडरूममध्ये पंख्याचं बटण दाबलं की बाथरूममधला दिवा लागतो, तो त्याच्याच सल्ल्याने.

आम्ही सगळं बारकाईने ठरवलं. माझ्या उजव्या हातात माईक असणार, तेव्हा लुळा पडायचा तो डावा हात. तोंड वाकडं तेही डावीकडे. मग मी खुर्चीत कोसळायचं, मेहुण्याने "काही नाही हो, उन्हाने झालं असेल, पाणी द्या!" म्हणत तांब्या घेऊन यायचं, आणि प्रेक्षकांनी "नाही!" असं ओरडायचं.

"भावोजी, डावा म्हणजे तुमचा डावा की प्रेक्षकांचा डावा?" मेहुण्याने विचारलं.

"अरे, डावं-उजवं मला शिकवतोस? माझी रोजीरोटी आहे ती!"

तालमी जोरात सुरू झाल्या. आरशासमोर, लिफ्टमध्ये, आणि वेळ मिळेल तशा गाडीतसुद्धा. आणि तिथेच पहिला घोळ झाला.

माझ्याकडे बँकेतल्या एक बाई गाडी शिकायला यायच्या. दोन वेळा परीक्षेत नापास झालेल्या. दुसऱ्या गिअरच्या पुढे त्यांचा हात म्हणून जायचा नाही. "तिसऱ्यात गाडी माझं ऐकत नाही," असं म्हणायच्या, जणू गाडी वयात आलेली मुलगी आहे. त्या दिवशी लाल दिवा होता, गाडी उभी होती, मला वाटलं, तेवढीच एक तालीम. मी तोंड वाकडं केलं, डावा हात मांडीवर टाकला आणि पुटपुटलो, "आ... ऊ... बा..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एक किंकाळी फोडली. आणि काय सांगू तुम्हाला! पहिला, दुसरा, तिसरा, चौथा! बाईंनी गाडी अशी सोडली, की पुढच्या बसच्या ड्रायव्हरने आदराने रस्ता दिला! मी "अहो बाई, नाटक आहे, नाटक!" म्हणून ओरडत होतो, पण घाबरल्यामुळे माझी जीभ खरोखरच अडखळत होती.

"बोलू नका सर! जीव वाचवा!" बाई ओरडल्या आणि हॉस्पिटलच्या दारात, रुग्णवाहिकांच्या जागेत, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोब्बर मध्ये त्यांनी गाडी लावली. अठरा वर्षांत इतकं सुबक पार्किंग माझ्या एकाही शिष्याने केलेलं नाही!

स्ट्रेचर आलं. मी नको नको म्हणत असताना मला त्याच्यावर घातलं. आत जाड चष्म्याच्या एक डॉक्टरबाई धावत आल्या. मी उठून बसलो, तालमीतलं वाकडं तोंड करून दाखवलं आणि घसा खाकरून म्हणालो, "डॉक्टर, मी खरं तर नट आहे."

डॉक्टरबाईंनी माझा चेहरा न्याहाळला. "नट? कुणी सांगितलं?"

नंतर त्यांनी मला असं काही झापलं की विचारू नका. "इथे खऱ्या पेशंटना जागा नाही आणि तुम्ही तालमी करता? पुन्हा असं केलंत ना, तर मी स्वतः तुमचं तोंड वाकडं करीन!" पण रागारागातसुद्धा त्यांनी माझा रक्तदाब मोजला. काटा चढला तो उतरायचं नाव घेईना.

"गोळ्या घेता का रक्तदाबाच्या?"

"घेत होतो. मग बरं वाटायला लागलं, म्हणून बंद केल्या."

"अहो, गोळ्यांमुळे बरं वाटत होतं!"

"हो, हो, तेच आमच्या नाटकातसुद्धा आहे," मी म्हणालो. आणि खरंच होतं! दुसऱ्या पानावर, जाड अक्षरात: 'गोळ्या मनाने बंद करू नका.' लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, ते तसं. गोळ्या उद्यापासून सुरू करू असं ठरवलं. पण उद्या रंगीत तालीम होती, परवा पोस्टरं लावायची होती, आणि तेरवा तर प्रयोगच होता.

बायकोला यातलं मी काही सांगितलं नाही. तिने विचारलं, "हॉस्पिटलच्या पार्किंगची पावती कसली?"

"अगं..." मी म्हणालो.

"काय फोडलंत?"

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला! अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरांनी बाहेर व्हरांड्यात टेबल टाकून रक्तदाब मोजायला घेतले आणि तिथेही ही रांग लागली. "तुमचाही बघू या का?" सिस्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आधी लोकांचे बघा. मी कलाकार आहे, माझी आत एंट्री आहे."

पोस्टरवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्ट्रोक शिका, प्रात्यक्षिकासह!' त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे काका हाफ पँट घालून, बॅडमिंटनची रॅकेट घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसले होते. मी त्यांना समजावलं, की हा तो स्ट्रोक नव्हे. ते म्हणाले, "असू दे. आता आलोच आहे तर बॅकहँडचंही थोडं सांगा."

प्रयोग सुरू झाला. मी माईक घेतला आणि तासभर बोलणार आहे अशा थाटात सुरुवात केली. "बोला माझ्या पाठोपाठ! तो!"

"तो!" हॉल गरजला.

"हा! बो! वे!"

पंधरा मिनिटांत पब्लिक माझ्या खिशात होतं. मी त्यांना सगळं शिकवलं. पाणी द्यायचं नाही, घशात अडकतं. घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही. चोळाचोळ करायची नाही. 'थोडं झोपू दे, बरं वाटेल' म्हणायचं नाही. कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवायची. लोक माना डोलवत होते. काकांनी रॅकेट मांडीवर आडवी ठेवून हात वर केला. "ॲम्ब्युलन्सला फोन कोणी करायचा?"

"जो पहिला बघेल त्याने!"

तिसऱ्या रांगेत बायको हाताची घडी घालून बसली होती. खिडकीवर एखादा माणूस 'पार्सल माझ्यापर्यंत आलंच नाही' म्हणतो तेव्हा ती ज्या नजरेने बघते, त्या नजरेने.

आता मुख्य प्रसंग. मी दोन पावलं पुढे आलो आणि वाक्य सुरू केलं. "मंडळी, त्या दिवशी मी नेहमीसारखा घरी आलो आणि..."

आणि इथून पुढे, वाचकहो, माझाच माझ्यावर विश्वास नाही. मला जे आठवतं ते एक, आणि लोक सांगतात ते दुसरंच!

मला आठवतं ते असं. मी अत्यंत सुंदर बोलत होतो. शब्द कसे झऱ्यासारखे येत होते. मी म्हणालो, "मला एकदम कसंतरी व्हायला लागलं." पण बायको शपथेवर सांगते, की मी म्हणालो, "मला दरवाजाने गिअर टोपीत घाला."

हॉल हसून लोळायला लागला! मला कळेना, या वाक्यात हसण्यासारखं काय आहे? पण नटाला हशा आला की तो सोडवत नाही. मी पुन्हा बोललो. पुन्हा हशा! मग माझ्या हातातला माईक खाली पडला. धाडकन! सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मी खाली बघितलं. माईक जमिनीवर, आणि त्याच्या वर माझा उजवा हात लोंबकळत होता, कुणा दुसऱ्याच्या हातासारखा. मला वाटलं, कोणीतरी हात विसरून गेलंय.

पडद्यामागून मेहुणा कुजबुजला, "भावोजी! डावा! डावा हात!"

मला राग आला. मला डावा-उजवा शिकवतो! मी ठणकावून सांगितलं, "हा डावाच आहे!" म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तोंडातून काय निघालं देव जाणे. आणि खरं सांगू? मला त्या क्षणी डावा कोणता, उजवा कोणता, हे खरोखरच कळेना. अठरा वर्षांत हजारो लोकांना 'डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या' सांगणारा मी! डोक्यात नुसतं धुकं. मला भीती वाटत नव्हती, दुखतही नव्हतं. फक्त हे सगळे लोक कोण आहेत आणि ते माझ्या घरी का आलेत, असं वाटत होतं.

मी खुर्चीत बसलो. म्हणजे खुर्चीत बसायला गेलो. खुर्ची थोडी पलीकडे होती.

टाळ्यांचा कडकडाट! "वा!" काका ओरडले. "पडला कसा बघा! एकदम नॅचरल!"

मेहुणा बिचारा ठरल्याप्रमाणे तांब्या घेऊन धावत आला. "काही नाही हो! उन्हाने झालं असेल! पाणी द्या!"

"नाही!" अख्खा हॉल गरजला. "पाणी देऊ नका!"

आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बायको उठली. खुर्च्या बाजूला लोटत, कुणाच्या तरी पायावर पाय देत ती पुढे आली आणि किंचाळली, "थांबवा हे! हे खरं आहे!"

पुन्हा टाळ्या!

"वहिनींचाही रोल आहे वाटतं!" अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. "आम्हाला सांगितलंच नाही!"

"अहो रोल नाही! ह्यांना खरंच काहीतरी झालंय!"

"वा! काय आवाज लागलाय!"

"अहो, ऐका ना माझं!" बायको रडकुंडीला आली. "मी ह्यांना इतकी वर्षं ओळखते. ह्यांना अभिनय येत नाही! अजिबात येत नाही! ह्यांनी साधं खोटं बोलायचं म्हटलं तरी कान लाल होतात! ह्यांना इतकं चांगलं जमणारच नाही!"

मी जमिनीवरून हे ऐकत होतो. आजूबाजूचं काही नीट कळत नव्हतं, पण एवढं वाक्य मात्र लख्ख कळलं. मनाला लागलं हो!

ती माझ्याजवळ खाली बसली. चेहरा अगदी जवळ आणून म्हणाली, "अहो, हसा बघू. माझ्याकडे बघून हसा."

मी हसलो. मला वाटलं, पूर्ण हसलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन्ही हात वर करा." मी केले. एकच वर गेला. "तुमचं ते जपानी म्हणा बघू."

माझं स्वतःचं सूत्र! माझी निर्मिती! मी तोंड उघडलं, आणि ते मला सापडेना. नुसताच आवाज निघाला. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. माझं काहीतरी हरवलंय एवढं कळलं, पण काय हरवलंय तेच सांगता येत नव्हतं.

"वेळ! वेळ बघा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सहा वाजून बारा मिनिटं! माईक पडला तेव्हाच बघितली मी!" काकांनी रॅकेट उंचावून जाहीर केलं.

"ॲम्ब्युलन्स!" हॉल ओरडला.

"मी फोन केला! मी पहिला!" दुसरं कुणीतरी.

"नाही, मी पहिली!"

"कुशीवर वळवा! कॉलर सैल करा! चोळू नका, चोळू नका!"

म्हणजे बघा, काय घोळ होता! अर्ध्या लोकांना हे नाटक वाटत होतं, आणि त्या अर्ध्यांनीच सगळं बरोब्बर केलं! ज्यांना खरं वाटलं ते घाबरून नुसते उभे होते. मेहुण्याला तर काहीच कळेना. तो आपला तांब्या घेऊन "काही नाही हो, उन्हाने झालं असेल" हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, प्रत्येक वेळी जास्त रडवेल्या आवाजात. शेवटी बायकोने त्याच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "ताई, भावोजी उजवा हात का टाकतायत? आमचं डावा ठरलं होतं."

व्हरांड्यातून सिस्टर धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "खरं आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यावर मात्र हॉल गप्प झाला. असा गप्प, की बाहेर ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

"एवढ्यात आलीसुद्धा!" मागच्या रांगेतल्या कुणीतरी हळूच म्हटलं. "भाड्याने आणली असेल का हो?"

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर थांबलं आणि समोर कोण? जाड चष्म्याच्या डॉक्टरबाई! त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तुम्ही! परत!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "परत म्हणजे?"

मी कितीही लुळा पडलो होतो तरी एवढं कळलं, की आता आपलं काही खरं नाही. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याच्या दारात खरा लांडगा येऊन बसला होता. मी सांगायचा प्रयत्न केला, "डॉक्टर, आज खरं आहे." बायको म्हणते, मी म्हणालो, "डॉक्टर, आज क्लच आहे."

"डॉक्टर, मागचं काय ते मला माहीत नाही," बायको हात जोडून म्हणाली. "पण ह्यांना अभिनय येत नाही हो!"

"ते मला माहीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या. "मागच्या वेळी तोंड वाकडं करताना दोन्ही भुवया नाचवत होते. शेंबडं पोरही फसलं नसतं." त्यांनी माझा उजवा हात उचलून सोडला. तो पडला. त्यांचा आवाज एकदम बदलला. "किती वाजता सुरू झालं?"

"सहा वाजून बारा मिनिटं," बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान वर करून पाहिलं. "नक्की?"

"अख्खा हॉल साक्षीला आहे."

"बरं झालं. लोक नुसतं 'मघापासून' म्हणतात. त्या 'मघापासून'वर मला औषध देता येत नाही."

मग सगळंच पळायला लागलं. वरचे दिवे मागे पळाले, भिंती पळाल्या. मेंदूचा फोटो काढायला मला एका मोठ्या गोल यंत्रात सरकवलं. बाहेर आलो तर डॉक्टरबाई बायकोला काहीतरी समजावत होत्या. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. रक्ताची गाठ आहे... रक्तस्राव नाही... वेळेत आलात म्हणून इंजेक्शन देता येईल... गाठ विरघळेल... पण धोकाही असतो, रक्तस्राव होऊ शकतो... तुम्ही काय म्हणता?

बायको दिवसभर लोकांना 'होईल', 'बघते', 'वरिष्ठांना विचारून सांगते' म्हणते. इथे वरिष्ठ कोणी नव्हतं. ती माझ्याजवळ आली. माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत घेतला. घेतलेला मला दिसला, पण जाणवला नाही. तिच्या बांगडीचा गारवाही नाही. मला तिला सांगायचं होतं, की घाबरू नकोस, मी आहे. पण मी आहे का, किती आहे, तेच कळत नव्हतं. मी तिच्याकडे बघून जमेल तेवढं हसलो, अर्धं.

"द्या," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "इंजेक्शन द्या."

रात्रभर ती खुर्चीत बसून होती. मधूनमधून वॉर्डातल्या सिस्टर येऊन विचारायच्या, "हात वर करा, नाव सांगा." माझं नाव एकदा 'हँडब्रेक' आलं, एकदा काहीच आलं नाही. सकाळी डॉक्टरबाई आल्या. "काय नटसम्राट, बोटं हलवा बघू."

मी बघितलं. अंगठा हलला. मग पहिलं बोट. मग सगळी! हात उचलला गेला, थरथरत, जणू पहिल्या दिवशीचा विद्यार्थी क्लच सोडतोय, पण उचलला गेला. मी बायकोकडे पाहिलं आणि म्हणालो, "अगं."

ती ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं, ती विचारेल, काय फोडलंत. पण नाही विचारलं. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग आवाज चढवून म्हणाली, "गोळ्या बंद केल्या होत्या, हो ना? डॉक्टरांनी सांगितलं मला! आणि इथे आधी एकदा येऊन गेलात, हो ना?" पुढचा अर्धा तास मी रुग्ण आहे, हे ती साफ विसरली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आपल्या मुलाला हळूच सांगितलं, "माझ्या गोळ्या कुठे आहेत बघ रे."

काही दिवसांनी घरी आलो. हात जवळजवळ ठीक आहे. गाडी शिकवणं सध्या बंद. बँकेतल्या बाई तिसऱ्या खेपेला पास झाल्या. मीठ कमी झालंय, माझी तंबाखूची पुडी बायकोने कधी आणि कुठे टाकली ते तिलाच माहीत, आणि गोळ्या ती समोर उभी राहून देते, जीभ वर करायला लावून तपासते. बोलणं मात्र अजून थोडं अडतं. त्यासाठी एक मॅडम येतात, बोलायचा व्यायाम घेतात. लांब वाक्यात माझी गाडी घसरते. त्या म्हणाल्या, "घाई नको. सुरुवातीला छोटी, सोपी वाक्यं निवडायची."

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटायला आले. बरोबर सफरचंदं. खुर्चीत बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "थकवा आला म्हणे तुम्हाला प्रयोगानंतर? येणारच! केवढी मेहनत! ती ॲम्ब्युलन्स, तो भोंगा! आणि ती पडण्याची ॲक्शन! मी आयुष्यभर नाटकं बघतोय हो, पण इतका जिवंत अभिनय बघितला नाही. फक्त तुमच्या मिसेसनी शेवटी जरा जास्तच केलं. तेवढं पुढच्या प्रयोगाला कमी करायला सांगा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली आणि मी काय बोलतो ते बघायला लागली.

मी तोंड उघडलं. आता खरं काय ते सांगायलाच हवं होतं. काका, तो अभिनय नव्हता, मला खरोखरच झटका आला होता, आणि तुम्ही ती वेळ बघितलीत म्हणून मी आज इथे बसलोय. पण तुम्हीच बघा ना, केवढं लांब वाक्य आहे ते! मॅडमनी बजावलंय. म्हणून मी छोटं, सोपं वाक्य निवडलं.

"थँक यू, काका!"